हाती किती उरते : ई-पुस्तकाच्या जाहिरातीचा हिशेब

“जाहिरात चालली का?” हा प्रश्न स्वतःचे ई-पुस्तक स्वतःच प्रकाशित करणारे लेखक मला वारंवार विचारतात, आणि विचारतानाच फोन पुढे करून जाहिरात-खात्यातले आकडे दाखवतात. जाहिरात इतक्या हजार लोकांपर्यंत पोहोचली, इतक्या जणांना आवडली, इतक्या जणांनी तिच्यावर क्लिक केले, असे ते आकडे असतात आणि ते खोटे नसतात. तरीही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. जाहिरात चालली की नाही हे ठरवायचे तर एका प्रतीमागे लेखकाच्या हाती प्रत्यक्ष किती उरते हे आधी माहीत हवे, आणि जाहिरात केलीच नसती तर किती प्रती खपल्या असत्या याचा निदान अंदाज तरी हवा. जाहिरातीची जागा विकणाऱ्या कंपनीला यांतली पहिली गोष्ट ठाऊक नसते आणि दुसरी शोधण्याची तिला गरज वाटत नाही. ते काम लेखकालाच करावे लागते.

मी गुहागरला राहते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील लेखकांची पुस्तके ई-बुक स्वरूपात तयार करून देते. माझी स्वतःचीही काही पुस्तके त्याच वाटेने वाचकांपर्यंत गेली आहेत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणातील कितीतरी घरांतली पुस्तके भिजून गेली, १८६४ पासून चालत आलेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही मोठा फटका बसला, आणि ज्यांनी पदरमोड करून छापलेल्या कादंबरीचे गठ्ठे तळमजल्यावर रचून ठेवले होते अशा ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी पुढचे पुस्तक छापायचेच नाही असे ठरवले. ई-पुस्तकाला गठ्ठे नाहीत, गोदाम नाही, छपाईचे बिल नाही. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांचा विभाग डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या गावात बसून पुस्तक विक्रीला ठेवणे खरोखर सोपे झाले आहे. मात्र त्यामुळेच लेखकाच्या खिशातून जाणारा सर्वांत मोठा खर्च जाहिरातीचा झाला, आणि हे पैसे निवृत्तिवेतनातून किंवा काजूच्या, आंब्याच्या उत्पन्नातून बाजूला काढलेले असतात. म्हणून या विषयावर सैलपणे बोलणे मला जमत नाही.

हिशेबाची सुरुवात पुस्तकाच्या किमतीपासून करू. किंडलवर लेखकाला मानधनाचे दोन पर्याय मिळतात, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपीच्या (म्हणजे लेखकाला स्वतः पुस्तक प्रकाशित करू देणाऱ्या ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या सेवेच्या) केडीपी सिलेक्ट या योजनेत घालावे लागते, म्हणजे ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र कुठेही ठेवायची नाही; दुसऱ्या संकेतस्थळावर विकायची नाही आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवायचीही नाही. याशिवाय ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइल पोहोचवण्याचा खर्च, भारतात दर एमबीला ७ रुपये, आधी वजा होतो. कराचा भाग बाजूला ठेवून बोलायचे तर १०० रुपयांच्या आणि १ एमबीच्या कादंबरीवर लेखकाला ९३ रुपयांचे ७० टक्के, म्हणजे सुमारे ६५ रुपये मिळतात. तेच पुस्तक किल्ल्यांच्या किंवा देवळांच्या छायाचित्रांनी भरलेले असेल आणि फाइल ५ एमबीची झाली असेल, तर हाती येतात साडेपंचेचाळीस. या किमतीला ७ एमबी ओलांडले की ३५ टक्क्यांचा पर्यायच जास्त देतो, कारण त्यात फाइलचा खर्च कापला जात नाही. आमच्याकडे कोकणातील पर्यटनावर आणि खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि छायाचित्रे योग्य आकाराची करून घेणे हा त्यांच्यासाठी जाहिरातीच्या आधीचा, तिच्याहून हमखास फायद्याचा उपाय आहे. जाहिरातीवर चर्चा करायला आलेल्या लेखकाची फाइल मी म्हणूनच आधी उघडून पाहते.

आता जाहिरातीकडे. फेसबुक-इन्स्टाग्रामवरील एका क्लिकला समजा ४ रुपये पडले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ज्याची जीएसटी नोंदणी नाही अशा लेखकाला तो परत मिळण्याचा मार्ग नसतो, तेव्हा खरा खर्च ४ रुपये ७२ पैसे धरायला हवा. एका प्रतीमागे ६५ रुपये उरत असतील तर पुस्तकाच्या पानावर आलेल्या १३-१४ जणांपैकी एकाने ते विकत घेतले तरच खर्च निघतो. ४९ रुपयांच्या आणि ३५ टक्के मानधनाच्या पुस्तकावर लेखकाला सुमारे १७ रुपये मिळतात. तिथे दर तीन-चार माणसांमागे एकाने खरेदी केली पाहिजे. अनोळखी लेखकाच्या पुस्तकापाशी वाट वाकडी करून आलेल्या चौघांपैकी एक जण पैसे मोजतो असे कोणत्याही दुकानात घडत नाही. जाहिरातीचा मजकूर किती आकर्षक आहे, चित्र कसे आहे, कोणत्या वयोगटाला दाखवली, हे सगळे प्रश्न या भागाकारानंतरचे आहेत. हा भागाकार न जमणारे पुस्तक जाहिरातीने विकण्याचा प्रयत्न म्हणजे प्रत्येक वाचकामागे पदरचे पैसे घालणे होय. ते जाणूनबुजून करायला माझी हरकत नाही, कारण काही पुस्तके वाचली जावीत एवढ्याचसाठी लिहिलेली असतात. परंतु लेखकाला ते आधी माहीत असले पाहिजे.

किंडलच्या दुकानातच दिसणाऱ्या प्रायोजित जाहिरातींत निराळी अडचण आहे. तिथल्या अहवालात जाहिरात-खर्चाचे विक्रीशी असलेले प्रमाण टक्क्यांत दिले जाते आणि त्याला एकॉस म्हणतात. हे प्रमाण ५० टक्के आहे असे वाचले की निम्मे पैसे सुटले असे वाटते. पण तिथे विक्री म्हणजे ग्राहकाने मोजलेली किंमत, लेखकाचे मानधन नव्हे. ३५ टक्के मानधनाच्या पुस्तकाचा एकॉस ३५ च्या वर गेला की तोटा सुरू झाला, आणि ७० टक्क्यांच्या पुस्तकातही फाइलचा खर्च वजा जाता ही सीमा सत्तरच्या खाली येते. प्रत्येक पुस्तकाची ही सीमा निराळी असते, ती एकदा काढून पुठ्ठ्यावर लिहून समोर लावावी असे मी सांगते.

फेसबुकवरून येणाऱ्या माणसाचे पुढे काय होते हे तर लेखकाला दिसतच नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर खरेदीची नोंद घेणारा छोटा कोड, म्हणजे पिक्सेल, बसवता येतो, किंडलच्या पानावर तो बसवण्याची मुभा लेखकाला नाही. केडीपीच्या अहवालात कोणत्या देशाच्या दुकानातून किती प्रती गेल्या एवढेच कळते. ग्राहक कोणत्या वाटेने आला हे कळत नाही, तो डोंबिवलीचा होता की देवरुखचा हेही नाही. शिवाय फेसबुकच्या आतच उघडणाऱ्या खिडकीत पुष्कळांचे ॲमेझॉन खाते उघडलेले नसते. तिथे पासवर्ड मागितला की माणूस मागे फिरतो. अशा परतलेल्या माणसाचाही क्लिक मोजला जातो आणि त्याचेही पैसे लागतात.

त्यात पैसे घेऊन पोस्ट अधिक लोकांना दाखवणारे फेसबुकचे ‘पोस्ट बूस्ट करा’ हे बटण सर्वांत जवळचे आणि सर्वांत फसवे आहे. जाहिरातीचा हेतू म्हणून जे निवडावे त्याप्रमाणे फेसबुकची यंत्रणा माणसे शोधते. प्रतिसाद हवा असे सांगितले तर ती सढळ हाताने आवडल्याची खूण करणारी, ‘अभिनंदन’ लिहून पुढे जाणारी माणसे शोधून काढते, आणि मराठी समाजात अशी आपुलकीची माणसे विपुल आहेत. त्यांचा आनंद खरा असतो, पण ती पुस्तक घेणारी माणसे असतीलच असे नाही. ‘क्लिक (सर्व)’ या रकान्यात फोटो मोठा करून पाहणे, ‘आणखी वाचा’वर बोट ठेवणे हेसुद्धा धरले जाते, लेखकाने पाहायचा रकाना ‘लिंक क्लिक’चा. या यंत्रणेला नेमके गिऱ्हाईक ओळखायला शिकण्यासाठी आठवड्यात साधारण ५० अपेक्षित कृती घडाव्या लागतात असे कंपनीच सांगते, आणि दिवसाला शंभर-दोनशे रुपये घालणाऱ्या मराठी लेखकाला खरेदीच्या बाबतीत तेवढा आकडा गाठणे अवघड असते.

एवढे करूनही दुसरा प्रश्न उरतोच, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. जाहिरात चालू असताना विक्री वाढली, म्हणून ती जाहिरातीमुळे वाढली असे म्हणता येईल का? आमच्याकडचा बागायतदार पावसाळ्यात हापूसच्या कलमांना मोहोरासाठीचे कल्टार हे औषध घालतो आणि पुढच्या हंगामात मोहोर भरघोस आला की श्रेय कल्टारला देतो. पण हापूस मुळात एका वर्षाआड चांगला धरतो, त्या वर्षीची थंडीही वेळेवर पडलेली असू शकते. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील प्रयोगांत त्याच वयाची, त्याच मातीतील काही झाडे औषध न घालता तुलनेसाठी सोडलेली असतात. फरक त्या दोन गटांत मोजायचा. ई-पुस्तकाच्या जाहिरातीत अशी सोडलेली झाडे सहसा कुणी ठेवत नाही.

ती ठेवल्यावर काय दिसू शकते याचे एक मोठे उदाहरण उपलब्ध आहे. ईबे या कंपनीने २०१२ मध्ये आपल्याच नावाने शोध घेणाऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या सशुल्क जाहिराती काही शोधयंत्रांवर बंद करून पाहिल्या. जाहिरातीवर क्लिक करून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट दुव्यावरून तसेच आले. टॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रयोगांवर लिहिलेला निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक त्यातून एवढेच उचलतात की जाहिराती व्यर्थ असतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. इतर शब्दांवरील जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत बंद ठेवल्यावर असे दिसले की नेहमीच्या ग्राहकांवर त्यांचा फरक पडत नव्हता, मात्र नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर पडत होता. जाहिरात माहिती देते, आणि ज्याला आधीच माहिती आहे त्याला ती द्यावी लागत नाही.

हे आपल्या लेखकांना लावून पाहावे. बहुतेक जण जाहिरात सर्वप्रथम आपल्याच पानाच्या अनुयायांना, आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, कोकण मराठी साहित्य परिषदेच्या संमेलनात भेटलेल्या मंडळींना दाखवतात, आणि दुकानातल्या जाहिरातीत शोधशब्द म्हणून स्वतःचे नाव घालतात. अशा जाहिरातीचा अहवाल नेहमीच उत्तम येतो, कारण ही माणसे पुस्तक घेणारच होती. एका व्हॉट्सॲप संदेशावरही त्यांनी ते घेतले असते. ज्याने लेखकाचे नाव कधी ऐकलेले नाही अशा माणसाला दाखवलेल्या जाहिरातीचा अहवाल कमजोर दिसतो, आणि लेखक नेमकी तीच बंद करतो. वास्तविक पैसे देऊन काही नवे मिळण्याची शक्यता असेल तर ती तिथेच आहे. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीवर लिहिलेल्या कादंबरीचा असा अपरिचित वाचक बहुधा त्या वाडीत राहत नाही. तो ठाणे, कल्याण, विरार किंवा पुण्यात असतो, त्याची आजी त्या भागातली असते. त्याला शोधायला वेळ लागतो आणि पैसेही, म्हणून परवडण्याजोग्या खर्चाची सीमा आधी ठाऊक असावी लागते.

थोड्या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढण्याची सवय मला फार घातक वाटते. १०० जणांनी लिंक उघडली आणि एकही प्रत गेली नाही, तर लेखक हताश होतो. संख्याशास्त्राचा साधा नियम सांगतो की अशा वेळी खरे प्रमाण शून्यापासून सुमारे ३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. १०० जणांत ३ प्रती गेल्या तर लेखक आनंदून रोजची रक्कम दुप्पट करतो, पण त्या तिघांवरून खरे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे की ८ टक्के आहे हे सांगता येत नाही, आणि ४ रुपयांच्या क्लिकवर या दोन टोकांमध्ये नफा-तोट्याची पूर्ण दरी आहे. रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास २०१५ मध्ये मांडला, आणि लाखो लोकांना जाहिरात दाखवूनही तिचा परतावा नेमका सांगता येणे किती कठीण असते हे त्यातून पुढे आले. त्यांची ही गत, तर महिन्याला मोजक्या प्रती विकणाऱ्याने चार दिवसांच्या आकड्यांवर पुस्तकाचे भवितव्य ठरवू नये. मी लेखकांना निदान काहीशे लिंक क्लिक होईपर्यंत मजकूर बदलू देत नाही, आणि तेवढे पैसे सोडून देण्याची तयारी नसेल तर सुरूच करू नका म्हणते.

तुलनेची झाडे ठेवण्याचा आम्हाला परवडणारा मार्ग आठवड्यांचा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना करता येत नाही, कारण किंडल जिल्हावार विक्री सांगत नाही. म्हणून पुढचे दहा-बारा आठवडे आधीच लिहून काढायचे, त्यांतल्या निम्म्यांत जाहिरात चालू आणि निम्म्यांत बंद ठेवायची, कोणता आठवडा कोणता हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, आणि विक्री कितीही चढली-उतरली तरी तो क्रम मोडायचा नाही. गणेशोत्सव आणि शिमगा यांत धरायचे नाहीत. त्या दिवसांत चाकरमानी गावी येतात, गावच्या आठवणींवरची पुस्तके एरवीपेक्षा जास्त विचारली जातात, आणि गुहागर-मालवणच्या परिसरात दिसणारी जाहिरात प्रत्यक्षात मुंबईकरांना दिसत असते. दिवाळीपूर्वीचे आठवडेही वगळावेत, कारण तेव्हा कपड्यांपासून फोनपर्यंत सगळे विक्रेते जाहिरातीच्या जागेच्या त्याच लिलावात बोली लावतात आणि क्लिक महागतो. या काळात इतर काही करायचे नाही. वर्तमानपत्रात परीक्षण येणार असेल, वाचनालयात कार्यक्रम असेल, तर तो आठवडा नोंदवून बाजूला काढायचा. शेवटी चालू आठवड्यांचे मानधन आणि बंद आठवड्यांचे मानधन यांतला फरक जीएसटीसह खर्चाशी ताडून पाहायचा. फार बारकाईचे उत्तर यातून मिळत नाही, पण मोठा फरक असेल तर दिसतो, आणि दिसलाच नाही तर पैसे वाचतात.

यात एक गोष्ट उशिरा येते. किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून पुस्तके वाचण्याच्या योजनेच्या सभासदाने पुस्तक घेतले तर लेखकाला पैसे वाचलेल्या पानांप्रमाणे मिळतात, जुलै २०१५ पासून तशीच पद्धत आहे. आणि आज घेतलेले पुस्तक माणूस पुढच्या महिन्यातही वाचू शकतो. त्यामुळे बंद आठवड्यात दिसणारी पाने चालू आठवड्याची कमाई असू शकतात. पानांचा हिशेब मी म्हणून वेगळा ठेवते. तरी त्या पानांकडे मी आवर्जून पाहते, कारण विकत घेतलेले पुस्तक वाचले गेले की नाही हे समजत नाही, इथे निदान ते समजते. पहिल्या प्रकरणाशी पाने थांबत असतील तर दोष जाहिरातीत शोधण्यात अर्थ नाही. पुस्तक काही दिवस फुकट ठेवल्यावर दिसणारे मोठे आकडे मात्र मी वाचकांत मोजत नाही, आणि छोट्या मराठी विभागात थोड्याशा विक्रीने मिळालेली सर्वाधिक खपाची खूणही नाही.

पुस्तके एकापेक्षा जास्त असतील तर सारा हिशेब बदलतो. तीन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग घेणाऱ्या शंभरांपैकी समजा चाळीस जण दुसरा घेतात आणि तीस जण तिसरा. प्रत्येक भागावर ६५ रुपये उरत असतील तर पहिल्या भागाच्या एका खरेदीचे मोल ६५ न राहता सुमारे ११० होते, आणि मघाच्याच दराने १३-१४ ऐवजी २३ माणसांमागे एक ग्राहक मिळाला तरी खर्च निघतो. हे चाळीस आणि तीस कुठून आणायचे? जाहिरातीशिवाय झालेल्या आधीच्या विक्रीतून. त्यासाठी पुढचे भाग तयार असावे लागतात. एकच पुस्तक असलेल्या, त्याची किंमत ४९ ठेवलेल्या लेखकाचे जाहिरात-खाते मी उघडून देत नाही, दुसरे पुस्तक लिहा असे सांगते. काहींना ते लागते. पण त्यांच्या पैशांची काळजी मला त्यांच्या रुसण्याहून मोठी वाटते.

मुंबईहून फोन करून ‘प्रसिद्धीचे पॅकेज’ विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात. अमुक हजारांत अमुक लाख लोकांपर्यंत पुस्तक पोहोचवू, असे ते सांगतात. जाहिरात-खाते माझ्या नावाने असेल का, लिंक क्लिकचा अहवाल रोज मला दिसेल का, आणि मधले दोन आठवडे जाहिरात बंद ठेवाल का, एवढे मी लेखकांना विचारायला लावते. शेवटच्या प्रश्नाला होकार देणारा फोन अजून तरी आमच्यापैकी कुणाला आलेला नाही.

जाहिरातीचे पैसे वाचले तर ते आणि तो वेळ कुठे लावावा, याचाही हिशेब याच वहीत व्हावा असे मला वाटते. सावंतवाडीच्या १८५२ च्या श्रीराम वाचन मंदिरापासून रत्नागिरीच्या १८२८ च्या जिल्हा नगर वाचनालयापर्यंत आपल्या किनाऱ्यावर वाचकांच्या बैठकी जुन्या आहेत. अशा ठिकाणी पुस्तकावर तासभर बोलायला गेले तर एसटीचे भाडे आणि एक दिवस खर्च होतो, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींच्या फोनमध्ये किंडलचे ॲप तिथल्या तिथे घालून देता येते, जे कोणत्याही जाहिरातीला जमत नाही. अशा कार्यक्रमानंतरचे दोन आठवडे मी जाहिरातीच्या आठवड्यांसारखेच लिहून ठेवते, भाड्याचे पैसे खर्चाच्या रकान्यात घालते, आणि आलेले मानधन त्यासमोर मांडते. माझ्या एका पुस्तकाला या मार्गाने जाहिरातीहून स्वस्तात वाचक मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत. त्या दुसऱ्याचे वाचक पुण्या-ठाण्यात विखुरलेले होते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला जाहिरातच उपयोगी पडली. येत्या पावसाळ्यात त्या पुस्तकाचा तिसरा भाग येतो आहे, आणि त्याच्या आठवड्यांच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या आहेत.